गोळीचं दूध

माकडहाड मोडलंय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग सावरून "फार दुखत असेल ना?" विचारतो, पण ओठांचे कोपरे काही जागेवर येत नाहीत. माझ्या नवऱ्यालाही हसू आलं होतं. मी मोरीत पडले होते, अंगाला ओलं लुगडं चिकटलेलं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि हे दारातून डोकावून म्हणाले, "अगं, अशी काय बसलीस?" त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी बाळंतीण होते. मुलीचं बारसं नुकतंच झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मुलुंडला माझ्या माहेरी तेव्हा फक्त वडील आणि भाऊ होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. दोन पुरुष बाळंतिणीचं काय करणार, म्हणून बाळंतपण सासरी, घाटकोपरला झालं. दोन खोल्या, मध्ये पडदा आणि स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात मोरी. मालिशवाली बाई रोज सकाळी यायची, मला डोक्यापासून तळपायापर्यंत तेलाने माखायची आणि चहा पिऊन निघून जायची. मग सासूबाई मोरीत कढत पाणी ओतायच्या. तळव्यांना तेल, खाली गुळगुळीत फरशी आणि आधाराला एक डगडगणारा नळ. मी त्या दिवशी पडले यात नवल नव्हतं, त्याआधी पडले नव्हते यात होतं.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. रिक्षात बसणं शक्यच नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या खांद्याला लटकत चालत गेले. बाईंनी मला पालथं झोपवून तपासलं. म्हणाल्या, "याला प्लास्टर नाही, टाके नाहीत. हाड आपलं आपण जुळेल, पण वेळ घेईल. तोवर बसायचं नाही. बाळाला कुशीवर झोपून पाजायचं, आणि दुखलं की गोळी घ्यायची."

"गोळी दुधात नाही का उतरणार?" मी विचारलं.

"उतरेल. पण इतकी थोडी, की तिला काही होणार नाही. ही साधी गोळी आहे, लहान मुलांना तापात देतो तीच. पाजून झालं की लगेच घे, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत अंगातून बरीचशी उतरलेली असेल." त्यांनी दुसऱ्या एका गोळीचं नाव सांगितलं. ती जास्त जोरदार होती, आणि ती त्यांनी मला मुद्दाम दिली नाही. "ती कुणी दिली तरी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तिच्यानं बाळ गुंगतं. कुठलीही गोळी घेताना एवढंच बघ, बाळ नेहमीसारखं जागं होतंय ना, ओढून पितंय ना. सुस्त वाटलं तर गोळी थांबव आणि तडक इकडे ये. पण दूध तोडू नकोस."

हे सगळं माझा नवरा शेजारी उभा राहून ऐकत होता. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय. हे माहुलच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होते. दिवसभर काचेच्या नळ्यांमधून थेंब थेंब मोजायचे आणि कशात काय किती मिसळलंय ते सांगायचे, त्यावर आमचं घर चालायचं. थोडं म्हणजे किती थोडं, हे त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी यांना कळायला हवं होतं.

घरी आल्यावर मी गोळ्यांची पट्टी उशाशी ठेवली. सासूबाईंनी ती उचलली, उलटसुलट करून बघितली आणि देवाच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. सासूबाई मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर पापड-मसाले करून त्यांनी मुलगा शिकवला. बाई खमकी होती हे मी नाकारत नाही. पण खमक्या माणसाच्या तावडीत सापडलेल्याला त्या खमकेपणाचं कौतुक नसतं.

"गोळी खाल्लंस म्हणजे ती दुधात उतारतली," त्या म्हणाल्या. "दूध चेडवाच्या पोटात जातला. मगे?"

चेडू म्हणजे माझी मुलगी. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेका पोरा किती?"

डॉक्टरीणबाईंना मूल नव्हतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मगे तेका काय कळता?" सासूबाई म्हणाल्या आणि विषय त्यांच्यापुरता संपला. "आमी पाच पोरा काढली. एक गोळी तोंडात घालूक नाय." त्या पाचांतली दोनच जगली होती. ते मी बोलले नाही. तेव्हा मला अजून लाज होती.

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. गोळी खायची तर खुशाल खा, पण मग मुलीला अंगावर घ्यायचं नाही. अंगावर घ्यायचं तर गोळी नाही. दोन्हींतलं एक. आणि मला मुलगी माझ्या दुधावर वाढवायची होती. आई नसलेल्या बाईला असं का वाटतं, हे सांगूनही इतरांना कळत नाही. माझं असं म्हणावं असं त्या घरात मला दुसरं काहीही नव्हतं, कपाटातला खणसुद्धा नाही. ती एवढंसं तोंड उघडून माझ्या अंगाला झोंबायची तेव्हा त्या दोन खोल्यांत मी कुणीतरी व्हायचे. म्हणून मी गोळ्या सोडल्या.

कुशीवर झोपून पाजायलाही बंदीच होती. आडवं पाजलं की दूध बाळाच्या कानात जातं, कान फुटतो, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे मला मांडी घालून, मोडलेल्या हाडावर बसून पाजावं लागायचं. मी भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकायचे, आणि बूड जमिनीला टेकलं की तोंडातून जो आवाज निघायचा तो माझा मलाच ओळखू यायचा नाही. मुलगी दचकायची. पहिले एकदोन दिवस नुसती दचकायची. मग मी पदर सारला की ती आधीच रडायला लागायची. तिला वाटत असणार की ही बाई जवळ घेते आणि ओरडते. सासूबाई पडद्यापलीकडून म्हणायच्या, "बघा, आईक बघल्यान की रडता."

दुखत असलं की दूध नीट उतरत नाही. छाती भरलेली असायची, पण मुलीला ओढून ओढून दम लागायचा. एका दुपारी सासूबाई शेजारणीकडे वाटण वाटायला गेल्या होत्या. मी स्टुलावर चढले. माकडहाड मोडलेल्या बाईने स्टुलावर चढणं म्हणजे काय ते ज्याचं मोडलंय त्यालाच विचारा. पट्टी काढली, मुलीला पाजलं आणि बाईंनी सांगितलं तशी पाजून झाल्यावर गोळी घेतली.

त्या दुपारचं सुख मी आयुष्यात विसरले नाही. दुखणं गेलं नाही, नुसतं बाजूला सरकून बसलं. पुढच्या वेळी मुलीला मी कुशीवर घेतलं, आणि ओरडले नाही. ती आधी रडायच्या तयारीत होती. मी ओरडत नाही असं बघून तिने डोळे उघडे ठेवूनच पिणं सुरू केलं. घटाघटा प्यायली. नंतर खडखडीत जागी राहून पंख्याकडे बघत हातपाय झाडत होती. सुस्तीचं नाव नव्हतं. दोन दिवस मी असंच चोरून निभावलं. तिसऱ्या गोळीला की चौथ्या, सासूबाईंनी पट्टीतली रिकामी घरं बघितली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाली आलेली असताना, हे कामावर जायला निघालेले असताना त्यांनी एक वाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पिळ हेच्यात."

ही मुंगीची परीक्षा. त्यांच्या गावी कुणी सुईण करायची म्हणे. बाळंतिणीचं दूध वाटीत घ्यायचं, त्यात मुंगी सोडायची. मुंगी चालत बाहेर आली तर दूध निर्मळ, मेली तर दुधात विष. मुलगी झाली त्या आठवड्यात त्यांनी एकदा ती केलीही होती. तेव्हा मला दूध येत होतं जेमतेम. वाटीच्या बुडाला दोन थेंब पडले होते, आणि मुंगी पाय ओले करून, काठावर चढून चालती झाली होती. सासूबाईंनी तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली होती. आता मला दूध भरपूर येत होतं. रात्रभर साठलेलं, वाटी अर्धी भरली. साखरेच्या डब्यातून त्यांनी मुंगी चिमटीत धरून आणली आणि वर सोडली.

मुंगी पोहायला लागली. बिचारीने खूप प्रयत्न केले. मालिशवाली कमरेवर हात ठेवून वाकून बघत होती. माझा नवरा चष्मा वर करून बघत होता. प्रयोगशाळेत काम करणारा, पदवीधर माणूस बायकोच्या दुधात बुडणाऱ्या मुंगीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची उत्सुकता होती. मुंगीचे पाय हळूहळू थांबले.

"मेली," मालिशवाली म्हणाली.

"दुधात इख आसा," सासूबाई म्हणाल्या. "आता डोळ्यांनी बघलास ना सगळ्यांनी?"

मी म्हणाले, "आई, मुंगी पाण्यात पण मरते." त्यांच्याच हातातल्या चहाच्या कपात मी डब्यातली एक मुंगी टाकली. ती चहात गरगरली आणि मेली. "मग हा चहा पण विषारी का?"

"चहा म्हातारी पिता. चेडू नाय पिणा," असं म्हणून त्यांनी बोटाने मुंगी काढली आणि चहा पिऊन टाकला. मालिशवाली हसली. यांनाही हसू आलं. दुसऱ्यांदा.

मी यांना म्हणाले, "अहो, तुम्ही तरी सांगा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय."

यांनी बुटाची नाडी बांधता बांधता विचार केला. हे वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता येतं. यांना सगळ्यांना खूष ठेवायचं असायचं, आणि ज्याला सगळ्यांना खूष ठेवायचं असतं तो जी बाजू जास्त ओरडते तिचा असतो. म्हणाले, "असं करू. हाड जुळेपर्यंत तू गोळ्या घे, आरामात घे. तोवर मुलीला बाटलीने पावडरचं दूध देऊ. गोळ्या संपल्या की तू परत सुरू कर. म्हणजे आईचंही मन राहील, तुझंही दुखणं थांबेल." आणि स्वतःवर खूष होऊन कामाला गेले. दूध काही मोरीतला नळ नव्हे, आज बंद केला आणि पुढच्या महिन्यात सोडला, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. त्या गप्प राहिल्या.

डॉक्टरीणबाईंना विचारायला कुणी मला जाऊ दिलं नाही. हाड मोडलेल्या बाईने गल्लीतून लंगडत जायचं, लोक काय म्हणतील.

संध्याकाळी हे स्टेशनबाहेरून मोगरा घेऊन आले. उन्हाळ्याचे दिवस होते, कळ्या भरपूर मिळत होत्या. पानात बांधलेला ओला पुडा यांनी माझ्या हातात दिला आणि क्षणभर मला वाटलं की सकाळच्या वागण्याची भरपाई म्हणून गजरा आणलाय. लग्नानंतर यांनी कधी फूल आणलं नव्हतं. मी वासही घेतला. मग सासूबाईंनी पुडा माझ्या हातातून घेतला, कळ्या पाट्यावर ओबडधोबड ठेचल्या आणि जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला. मोगरा ठेचून छातीला करकचून बांधला की दूध आटतं. नवऱ्याने मला पहिल्यांदा मोगरा आणला तो त्यासाठी.

"गाठी होतले नायतर," सासूबाई म्हणाल्या. पट्टा ओढताना त्यांनी गुडघा माझ्या पाठीला लावला होता. खरं तर त्यांचा हात हलका होता. चिडून बांधलं असतं तर मी ओढून काढलं असतं. त्यांनी मायेने बांधलं. त्यांची पक्की खात्री होती की त्या माझ्या मुलीला वाचवतायत, आणि त्या खात्रीपुढे माझं काहीही चाललं नाही.

पडद्यापलीकडे मुलगी भुकेने रडली की पट्ट्याखालून दूध पाझरायचं आणि मोगऱ्याच्या कळ्या भिजायच्या. त्या वासात मी पडून असायचे. गोळ्या उशाशी होत्या, आता हव्या तेवढ्या घ्यायची मुभा होती. छाती दगड झाली, ताप भरला, मग हळूहळू सगळं मऊ झालं आणि थांबलं. मला अजूनही देवळात, लग्नात, कुठेही मोगरा असला की बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. लोकांना वाटतं मला वासाची ॲलर्जी आहे. मी तसंच सांगते.

बाटली घरात आली. रबराची बोंडी, पावडरचा डबा, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी, जे मे महिन्यात तळाला गेलेलं. सासूबाई बाटली धुवायच्या, उकळायच्या नाहीत. रबर वितळतं म्हणायच्या. व्हायचं तेच झालं. मुलीला जुलाब लागले. आधी हिरवे, मग नुसतं पाणी. तिची टाळू आत गेली, डोळे खोल गेले आणि रडताना अश्रू यायचे बंद झाले. बाटली तोंडाला लावली की दोनदा ओढून सोडून द्यायची.

"ह्या आधीचा," सासूबाई म्हणाल्या. "गोळये खाऊन पाजल्यान ना, ता आता बाधता."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण यांनी आईच्या बोलण्याला मान डोलावली होती.

सरकारी रुग्णालयात लहान मुलांचा वॉर्ड भरलेला होता. एका खाटेवर दोन-दोन मुलं. माझी मुलगी कुणाच्या तरी मुलाच्या पायाशी झोपवली. तिच्या डोक्याचे केस एका बाजूने काढून शिरेत सुई घातली. डॉक्टर तरुण होता, दोन दिवस झोपला नसावा असा चेहरा. त्याने विचारलं, "अंगावर पितं का?"

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. डॉक्टरशी त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. "ही गोळ्या खाऊन पाजत होती, डॉक्टर. दुखण्याच्या. आम्ही नको नको म्हणत होतो."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. कसल्या गोळ्या, किती, कधी, हे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही कळलं असतं. पण त्याच्यामागे आणखी पंधरावीस खाटा होत्या. म्हणाला, "शिकलेल्या दिसता. जरा सहन करता येत नाही तुम्हाला?" आणि पुढच्या खाटेकडे गेला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना गरजच उरली नव्हती. डॉक्टरच म्हणाला होता.

मुलगी वाचली. सलाईनने वाचली, आणि वॉर्डातल्या एका नर्सने मला उकळलेलं पाणी आणि चमच्याने पाजणं शिकवलं त्याने वाचली. घरी आल्यावर मी तिला छातीशी लावायचा प्रयत्न केला. नर्स म्हणाली होती की ओढू दे, ओढलं की येतं कधी कधी. पण तिला आता बाटलीची सवय लागली होती आणि माझ्याकडे काही नव्हतं. ती दोनदा ओढायची, मग मान मागे टाकून, पाठीची कमान करून किंचाळायची. सासूबाई हे बघायला आल्यागेल्यांना बोलवायच्या. "बघा, लेकराकसुद्धा कळता." मग त्या तिला माझ्या हातातून घ्यायच्या आणि ती गप्प व्हायची. मी प्रयत्न सोडला. बाळंतपणाची रजा संपली तशी परत अंधेरीच्या ऑफिसात टाइपरायटरपुढे जाऊन बसले. बसता येत होतं. हाड छान जुळलं होतं.

मुलगी आजीची झाली. आजीच्या कुशीत झोपायची, आजीच्या हातून जेवायची, "माका नको" म्हणायची. मी संध्याकाळी घरी आले की पाहुणी आल्यासारखी बघायची. आणि तिला रोज ऐकायला जी गोष्ट मिळायची ती राजाची नव्हती की कोल्ह्याची नव्हती. ती तिची स्वतःची गोष्ट होती. आईने गोळ्या खाल्ल्या, आईच्या दुधात विष झालं, बाळ मरायला टेकलं, आणि मग आजीने बाळाला वाचवलं. मुलांना स्वतःची गोष्ट फार आवडते. ती म्हणायची, "परत सांग." मी भाकऱ्या थापत ऐकायचे. सुरुवातीला मी मध्ये बोलायचे, असं झालं नव्हतं गं. मग सासूबाई म्हणायच्या, "डॉक्टर काय म्हणालो ता सांगू?" मग मी बोलायची थांबले. शाळेत जायला लागल्यावर तिने बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं, त्या मैत्रिणीच्या आईने मला फाटकात गाठून विचारलं, "खरं का हो?" काळजीच्या सुरात विचारलं तिने, पण चवीने विचारलं.

माझ्यावर सगळ्यांत जास्त राग कुणाला होता म्हणाल तर कुणालाच नव्हता. मुलगीसुद्धा माझ्याशी नीट वागायची. ती मला घाबरायची, एवढंच. मी ग्लासात पाणी दिलं तर आधी आजीकडे बघायची.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली तेव्हा मला मुलगा झाला. या वेळी पोट उघडून काढावा लागला. टाके होते, ताठ होता येत नव्हतं, खोकला आला तरी जीव जायचा. पण आता मी तीच नव्हते. इतक्या वर्षांत ऑफिसात चार साहेबांना झेलून माझी जीभ धारदार झाली होती. त्याच डॉक्टरीणबाईंकडून मी सगळं परत विचारून आले. त्यांचे केस पिकले होते, सांगणं बदललं नव्हतं. साधी गोळी, पाजून झाल्यावर, बाळ सुस्त होत नाही ना यावर नजर, आणि दूध तोडायचं नाही. घरी आल्याबरोबर मी सासूबाईंना म्हणाले, "याच्या दुधाला कुणी हात लावायचा नाही. वाटी आणली तर मी वाटीसकट बाहेर फेकेन." त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुडघा दाबला आणि बसल्या. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. त्यांची स्वतःची गोळ्यांची पट्टी देवाच्या फळीवर होती, मला पोचणार नाही अशी नव्हे, त्यांना पोचेल अशी. यांनी पेपर उघडला.

दुपारची वेळ होती. मी मुलाला पाजलं, आडवं पाजलं, त्याचे कान अजून शाबूत आहेत. मग पाण्याचा पेला आणि गोळी घेतली. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. खांद्याला दप्तर तसंच. तिने माझ्या हातातली गोळी बघितली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाऊ नको," ती म्हणाली.

"अगं, टाके दुखतात माझे."

"मग त्याला पाजू नको. आजीकडे दे त्याला." ती माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. एवढीशी पोर, पण हात पसरून उभी राहिली. "तू मला पाजलंस तसं त्याला नको पाजू. तो लहान आहे गं."

पलीकडच्या खोलीत सासूबाईंची विळी थांबल्याचं मला ऐकू आलं.

मी तिच्या डोळ्यांत बघून गोळी गिळली. समजावत बसले नाही. इतकी वर्षं समजावून काय झालं होतं? वर पाणी प्यायले. मुलाला तिथेच, माझ्या अंगाशी ठेवलं. थोड्या वेळाने तो उठला, मी त्याला परत पाजलं. मुलगी गेली नाही. जेवली नाही. दप्तर न काढता खाटेच्या पायथ्याशी उभी राहून भाऊ मरतो का ते बघत राहिली. मध्येच पुढे येऊन त्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि मागे सरकायची. मी तिला हाकललं नाही. मला वाटलं, बघू दे. आज डोळ्यांनी बघेल, आणि आज ते सगळं संपेल. मी मनातून जिंकत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरीची नव्हे, पडद्यापलीकडच्या बाईची पडली होती.

संध्याकाळ झाली. मुलगा जागा झाला, आळस दिला, मूठ चोखू लागला आणि दूध मागत रडला. चांगलं खणखणीत रडला. मुलीने दप्तर खाली ठेवलं.

"काही झालं नाही त्याला," ती म्हणाली.

"नाहीच होत," मी म्हणाले. "तुलाही झालं नव्हतं. दूध चांगलंच होतं माझं."

मला वाटलं होतं ती धावत येऊन गळ्यात पडेल. मी हात पुढे केलासुद्धा. ती तिथेच उभी राहिली आणि विचार करत राहिली, कपाळाला बारीक आठी घालून, अगदी यांच्यासारखी. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आईचं दूध वाईट होतं, म्हणून तिला मिळालं नाही. आता मीच तिला सांगितलं होतं की दूध चांगलं होतं.

"मग मला का नाही दिलंस?" ती म्हणाली. "तो मुलगा आहे म्हणून ना?"

मी "आजीला विचार" म्हणणार होते. पण पडदा सारून सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, आणि मुलगी आधीच त्यांच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली होती. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मुलगा भुकेला होता, मी त्याला अंगावर घेतलं.